प्रवेश घ्यायचा तो रुग्णालय पाहून

पत्र : आम्ही जिंतूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील आहोत. मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण असून नीटमध्ये तिला तीनशेच्या आसपास गुण आहेत. नर्सिंगची सीईटीही तिने दिली आहे. आमचा प्रवर्ग ओबीसी आहे. तिला संशोधनाची आवड आहे. ओळखीतील एक गृहस्थ म्हणतात की, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात ‘विद्यापीठ कोट्यातून’ बीएएमएसची जागा मिळवून देतो, आठ लाख लागतील, पन्नास हजार आधी द्या. सरकारी विद्यापीठ असल्याने शिक्षण चांगलेच असेल, असे आम्हांस वाटते. काय करावे?
— एक पालक, जि. परभणी

सप्रेम नमस्कार.

पैसे दिले नसतील तर देऊ नका, आणि दिले असतील तर आजच परत मागा. असा कोणताही ‘विद्यापीठ कोटा’ अस्तित्वात नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) किंवा एमबीबीएसच्या जागा वाटतच नाही. त्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या, आणि काही केंद्राच्या, केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, नीटच्या गुणवत्तेनुसार भरल्या जातात, आणि खासगी महाविद्यालयांतील संस्थास्तरीय जागांनाही नीटची गुणवत्ता चुकत नाही.

सरकारी विद्यापीठ म्हणजे शिक्षण चांगलेच, हा आपल्या पत्रातील दुसरा गैरसमज मात्र त्या गृहस्थांचा नसून बहुतेक पालकांचा असतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. नाशिकला दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे या विद्यापीठाचे मुख्यालय आहे, परंतु आपली कन्या तेथे वर्गात बसणार नाही. १९९८ पूर्वी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर, मराठवाडा अशा आपापल्या भागातील विद्यापीठांना जोडलेली होती; त्या वर्षी स्वतंत्र कायदा होऊन ती सर्व एका छत्राखाली आली आणि त्यांच्याबरोबर दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांचीही महाविद्यालये आली. अभ्यासक्रमाची चौकट, परीक्षा, निकाल आणि पदवी विद्यापीठाकडे असते. शिकवण्याचे काम महाविद्यालय करते आणि हात तयार होतो तो त्या महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) याच विद्यापीठाची पदवी देतात, आणि आडबाजूच्या गावातील, बाह्यरुग्ण विभागात दुपारपर्यंत शुकशुकाट असलेले एखादे खासगी महाविद्यालयही तीच देते. पदवीच्या कागदावर फरक दिसत नाही. रुग्णासमोर उभे राहिल्यावर तो पहिल्या पाच मिनिटांत दिसतो.

म्हणून माझा आग्रह एकच असतो की, महाविद्यालय निवडण्यापूर्वी त्याचे रुग्णालय पाहून यावे, तेही न कळवता, कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता. काही वर्षांपूर्वी भाचीला घेऊन मी अशाच एका महाविद्यालयात गेलो होतो. इमारत देखणी होती, स्वागतकक्षात धन्वंतरीची मूर्ती होती. स्त्रीरोग वॉर्डात तीस खाटा होत्या आणि तिसांवरही चादरींच्या घड्या जशाच्या तशा होत्या. एकाही उशीला डोक्याचा खळगा पडलेला नव्हता. आम्हांला पाहून सेवकाने लगबगीने पंखे लावले. बाहेर आल्यावर भाची एवढेच म्हणाली, “मामा, इथे आजारी कोणीच पडत नाही वाटतं.” तिने पुढे जिल्ह्याच्या ठिकाणचे जुने, गळक्या छताचे, पण केसपेपरच्या खिडकीपुढे रांग असलेले महाविद्यालय घेतले. आपणही रांग पाहा, ताप-दमा-बाळंतपणाचे रुग्ण वॉर्डात आहेत का ते पाहा, अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारा की आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये) खरोखर काम करू देतात का. संकेतस्थळावरील छायाचित्रांतून यातले काहीच कळत नाही.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. तीनशेच्या आसपास गुणांवर शासकीय एमबीबीएसची आशा धरू नये. हे कटू असले तरी स्पष्ट सांगणे माझे काम आहे. बीएएमएस साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता असा साडेपाच वर्षांचा मार्ग आहे. मराठवाड्यात नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे; त्याची गेल्या वर्षीची प्रवर्गनिहाय शेवटची गुणवत्ता यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पाहूनच पसंतीक्रम भरावा. (मराठवाड्यातील मुलांना सत्तर टक्के जागा राखीव असतात, असे कोणी अजूनही सांगत असल्यास ते जुने झाले; ७०:३० चे प्रादेशिक सूत्र २०२० मध्येच रद्द झाले.) मात्र ‘डॉक्टर’ ही पाटी लागावी एवढ्याच कारणासाठी आयुर्वेद घेतलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांतली बरीच तिसऱ्या वर्षी माझ्याकडे परत येतात. आपल्या कन्येला संहिता (आयुर्वेदाचे मूळ ग्रंथ) आणि द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचे शास्त्र) वाचण्यात खरोखर रस आहे का, हे तिला विचारा. पत्रात त्याचा उल्लेख नाही.

चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला आपण पत्रात एका वाक्यात उरकले आहे, ते मला पटले नाही. ग्रामीण भागातील उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बीएएमएस पदवीधरांबरोबर नर्सिंग पदवीधरही काम करतात, पुढे एम.एस्सी. व पीएच.डी.ची वाट आहे, आणि रुग्णाच्या उशाशी सर्वांत जास्त वेळ परिचारिकाच असते, त्यामुळे जखम लवकर का भरत नाही किंवा औषध वेळेवर का घेतले जात नाही, असे संशोधनाचे प्रश्नही तिलाच आधी दिसतात.

संशोधनाविषयी आणखी एक गोष्ट. ‘संशोधन’ म्हणताना मुलीच्या डोळ्यांसमोर काय आहे, यावर बरेच अवलंबून आहे. तिला रुग्णांमध्ये राहून प्रश्न सोडवायचे असतील तर वैद्यकीय किंवा नर्सिंगची पदवी योग्य ठरेल. परंतु तिला सूक्ष्मदर्शक, पेशी, विषाणू यांचे वेड असेल, तर त्यासाठी डॉक्टर व्हावेच लागते असे नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. तेथे वैद्यकीय पदवीधरांच्या जोडीने सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकलेले शास्त्रज्ञही काम करतात. आरोग्य विद्यापीठाचाही आनुवंशशास्त्र, प्रतिकारशास्त्र, जीवरसायन आणि पोषण या विषयांचा विभाग पुण्यातच आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करण्यासाठी जिंतूरहून फार लांब जावे लागणार नाही आणि आठ लाखही लागणार नाहीत. गावात ‘साधी बीएस्सी’ म्हणून नाक मुरडले जाते, याची मला कल्पना आहे.

माझा कौल विचाराल तर असा : नांदेड किंवा तत्सम शासकीय आयुर्वेद महाविद्यालय फेरीत मिळाले आणि तिला विषय आवडत असेल, तर ते घ्यावे, न मिळाल्यास महागड्या खासगी बीएएमएसपेक्षा मोठ्या रुग्णालयाला जोडलेले नर्सिंग महाविद्यालय वरचढ समजावे, आणि तिचे मन प्रयोगशाळेतच असेल, तर सूक्ष्मजीवशास्त्राला पहिली पसंती द्यावी. एक वर्ष थांबून पुन्हा नीट देण्याचा सल्ला मी सरसकट देत नाही, परंतु गेल्या वर्षी तिने किती तास, कोणाच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला, हे कळवल्यास त्यावर वेगळे लिहीन.

पैशांबाबत एक महत्त्वाची बाब आपल्या ध्यानात आलेली दिसत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. ही सवलत केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेणाऱ्या मुलींना आहे, व्यवस्थापन कोट्यातील जागेला नाही. म्हणजे त्या गृहस्थांच्या मार्गाने गेल्यास आठ लाख जातीलच, शिवाय कन्येची हक्काची सवलतही बुडेल.

तेव्हा या आठवड्यात तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून घ्या, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही काढा, जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज कोठवर आला आहे ते तपासा, आणि फेरीचा अर्ज सायबर कॅफेवाल्यावर न सोपवता कन्येला स्वतः भरू द्या. लॉगिन आणि पासवर्ड तिच्याच वहीत असू द्या.

आपला,
करिअर मार्गदर्शक