दिवाळीचा रंग आणि भिंतीतली ओल

प्रश्न : गेल्या वर्षी दसऱ्यानंतर लगेच हॉलला रंग दिला. शिमग्यापर्यंत खालच्या दोन फुटांत पोपडे सुटले. यंदा काय करावं? आणि कास पठारावरची फुलं ऑक्टोबरात बघायला मिळतील का?

उत्तर : दोष बहुधा रंगाचा नाही, ओलीचा आहे. पाऊस थांबला तरी गिलाव्यात पाणी उरतं. ते बाहेर येताना क्षार आणतं आणि रंगाचा थर उचलला जातो. आधी तपासा : फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून 24 तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं, तर रंग नकोच. खोलीकडच्या बाजूला दिसलं, तर हवा दमट आहे. खिडक्या उघडा, पंखा चालू ठेवा.

ओल भिंतीतच असेल तर प्रथम बाहेरच्या भेगा आणि गळके पाइप दुरुस्त करा. मग पोपडे खरवडून पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत मुरतात. भिंत वाळू द्या, प्लास्टिकची चाचणी पुन्हा घ्या, मगच प्राइमर आणि लांबी (पुट्टी). ओल्या भिंतीवर घाईने लांबी भरण्यापेक्षा रंग दिवाळीनंतर दिलेला कितीतरी बरा.

ऑक्टोबरचं कडक ऊन गाद्या-गोधड्यांना द्या, 11 ते 3, मध्ये एकदा उलटून. कपाटात भरण्याआधी त्या पूर्ण गार होऊ द्या.

कासचा बहर मुख्यतः सप्टेंबरातला, ऑक्टोबरात तो ओसरत जातो. जमलं तर पहिल्याच आठवड्यात जा, तेही शनिवार-रविवार टाळून.