सोया लेसिथिनच्या कॅप्सूलने कोलेस्टेरॉल उतरतं का?

नाही. तुमच्या वडिलांची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी बंद करून त्याऐवजी द्यावं असं तर त्यात काहीच नाही. ‘नैसर्गिक आहे, रक्तवाहिन्या साफ करतं’ असं ओळखीतल्या बाई सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. हेच मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी लातूरला सोयाबीन तेलाच्या प्लँटमध्ये केमिस्ट आहे. लेसिथिन रोज माझ्यासमोर निघतं. क्रूड तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवून त्यात थोडं पाणी सोडलं की फॉस्फोलिपिड (लेसिथिन ज्यांचं बनलेलं असतं ते चरबीसारखे पदार्थ) पाणी धरतात आणि तेलातून सुटतात. सेंट्रिफ्यूजमधून तो गम वेगळा काढून वाळवला की काकवीसारखा तपकिरी, चिकट माल हाती येतो. तेल-पाणी धरून ठेवतो म्हणून चॉकलेटवाले, बिस्किटवाले तो घेतात. वाळवायची सोय नसली तर गम पेंडीत मिसळून कोंबड्यांच्या खाद्याला जातो.

दाजी कुठल्याशा साखळी-विक्रीच्या मीटिंगला गेले आणि लेसिथिनचे डबे घेऊन आले. त्यांची स्टॅटिनची गोळी बंद. दिवाळीत जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘तेल-पाणी एक करतं, तर रक्तातली चरबी का नाही विरघळवणार? तू तेलाचा केमिस्ट, रक्तातलं तुला काय कळतं?’’ अहो, खाल्लेलं लेसिथिन आतड्यातच तुटतं. ते जसंच्या तसं रक्तवाहिन्या घासायला जात नाही. पुढे ताईने रिपोर्टचा फोटो पाठवला, दाजींना न सांगता. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९४ वरून १६१. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केल्यावर उतरलं, तर श्रेय डब्यालाच!

लेसिथिनच्या बाजूचे जुने प्रयोग नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९८९ मध्ये तपासले. जिथे कोलेस्टेरॉल उतरलं होतं तिथे कारण एकतर बदललेला आहार होता, नाहीतर लेसिथिनमधलं लिनोलेइक आम्ल. ते तर साध्या सोयाबीन तेलातच भरपूर असतं.

तेलाच्या जोडउत्पादनातलं खरं कामाचं काही असेल तर ते स्टेरॉल, म्हणजे वनस्पतींमधले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ. डिओडोरायझरमध्ये तेलाचा वास काढताना जी वाफ थंड करून डिस्टिलेट मिळतं, त्यातून ते काढतात. आतड्यात ते कोलेस्टेरॉलची जागा अडवतात. रोज जेवणासोबत सुमारे २ ग्रॅम घेतले तर एलडीएल ८-१० टक्के उतरतं. स्टॅटिनने ३० ते ५० टक्के उतरतं, म्हणजे तुलनाच नको. स्टेरॉलने हार्ट अटॅक टळतात हेही अजून सिद्ध झालेलं नाही.

हां, सिटोस्टेरोलेमिया नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असेल तर स्टेरॉल अजिबात घ्यायचे नाहीत. आणि स्टॅटिनने अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळी बदलून देतात. परस्पर बंद करू नका.

त्या बाईंकडे आधीचं आणि नंतरचं लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) मागा, तेही मधे गोळी चालू नसतानाचं. दाजींकडे मी तेच मागतोय. अजून दाखवलेलं नाही.