अमेरिकेचे यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झाले की राज्यांच्या अधिकारांसाठी?

१८६१ ते १८६५ चे अमेरिकेतील यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झाले असे आपण शाळेत शिकलात, परंतु तिथे स्थायिक झालेले आपले नातेवाईक ते राज्यांच्या अधिकारांसाठी झाले असे ठामपणे सांगतात, तेव्हा खरे काय, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की दक्षिणेतील राज्ये गुलामगिरी राखण्यासाठीच फुटून निघाली, आणि राज्यांच्या अधिकारांचा मुद्दा कोणी मांडला की ‘कोणत्या राज्याचा, आणि कशाचा अधिकार?’ असे लगेच विचारले पाहिजे.

सर्वांत आधी फुटले ते साउथ कॅरोलायना. तिथली निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलाम होती. या राज्याने २४ डिसेंबर १८६० रोजी आपल्या निर्णयाची कारणे सांगणारा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पूर्वार्धात राज्यांच्या सार्वभौमत्वाचे विस्तृत विवेचन आहे, आणि तेवढे वाचून थांबले तर आपल्या नातेवाइकांचे म्हणणे पटू शकते. परंतु प्रत्यक्ष तक्रारी सुरू होतात त्या मुख्यतः उत्तरेतील राज्यांविरुद्ध: ती राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, न्यू यॉर्कची न्यायालये गुलामांना बरोबर घेऊन राज्यातून जाण्याचीही मुभा देत नाहीत, गुलामगिरीविरोधी संस्थांना तिथे मोकळीक आहे. म्हणजे दुसरी राज्ये आपापल्या हद्दीत स्वतःच्या मताप्रमाणे वागतात, हीच साउथ कॅरोलायनाची तक्रार होती. मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीच्या प्रथेशी पूर्णपणे निगडित आहे, असे आरंभीच लिहून ठेवले.

युद्धापूर्वीच्या दहा वर्षांत केंद्राची सत्ता कोणासाठी राबत होती, हेही पाहावे. १८५० चा फरारी गुलामांचा कायदा दक्षिणेच्या आग्रहावरून झाला. पकडलेल्या माणसाला ज्यूरी मिळत नसे, स्वतःची साक्ष देता येत नसे, आणि निर्णय देणाऱ्या केंद्रीय आयुक्ताला त्या माणसाला मालकाच्या हवाली केल्यास १० डॉलर, तर सोडून दिल्यास ५ डॉलर शुल्क मिळे. पहिल्या प्रकारात कागदपत्रांचे काम जास्त असते, असे याचे समर्थन केले जाई. मला ते कधीही पटलेले नाही. पाठलागात मदत करण्याची सक्ती उत्तरेतील सामान्य नागरिकांवरही होती. १८५४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात जमावाने मिलवॉकीचा तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हर या फरारी गुलामाला सोडवले आणि त्याबद्दल शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने फिरवला, आणि त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने केंद्रीय न्यायालयाची ही सत्ता आपल्याला मान्य नाही असा ठराव केला. राज्यांच्या अधिकारांचा झेंडा त्या वर्षी उत्तरेच्या हाती होता. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या चार्ल्स्टन अधिवेशनातून दक्षिणेतील अनेक प्रतिनिधी उठून गेले, ते अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या नव्या प्रदेशांत गुलामांच्या मालकीला केंद्राने संरक्षण द्यावे ही त्यांची मागणी मान्य झाली नाही म्हणून.

फुटलेल्या राज्यांनी मार्च १८६१ मध्ये स्वीकारलेल्या घटनेने गुलामांवरील मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करण्यास आपल्या काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाला, मनाई केली आणि प्रत्येक नागरिकाला गुलामांसह कोणत्याही राज्यात जाण्याचा व राहण्याचा हक्क दिला. या बाबतीत राज्यांचे स्वातंत्र्य वाढले नाही, उलट आकुंचित झाले.

आयातकराचे कारणही सांगितले जाते. त्यावरून १८३२ मध्ये साउथ कॅरोलायना आणि अध्यक्ष जॅक्सन यांच्यात मोठा संघर्ष झाला होता हे खरे. परंतु १८५७ मध्ये हे दर खाली आले होते, आणि ते वाढवणारा कायदा मंजूर झाला तो सात राज्ये निघून गेल्यानंतर.

मात्र राज्ये का फुटली आणि युद्ध का झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्यात आपल्या नातेवाइकांच्या म्हणण्याला काही आधार आहे. जिथे गुलामगिरी आहे तिथे आपण हात घालणार नाही, पण कोणतेही राज्य स्वतःच्या मर्जीने संघातून बाहेर पडू शकत नाही, असे नवे अध्यक्ष लिंकन यांनी ४ मार्च १८६१ च्या भाषणात सांगितले. १२ एप्रिलला साउथ कॅरोलायनातील फोर्ट समटर या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या, लिंकन यांनी ७५,००० सैनिक मागवले, आणि तोवर थांबलेली व्हर्जिनिया, आर्कान्सा, टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना ही राज्ये फुटली. राज्यांवर केंद्राने सैन्य धाडावे का, हा त्यांच्यापुढचा तातडीचा प्रश्न होता. गुलामगिरी असलेली मेरीलँड, केंटकी, मिसूरी व डेलावेअर ही राज्ये संघातच राहिली. त्यामुळे उत्तर आधी संघ टिकवण्यासाठी लढली; दास्यमुक्ती हे युद्धाचे उद्दिष्ट १ जानेवारी १८६३ च्या घोषणेने झाले.

फुटलेल्या राज्यांच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि दास्य हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, हा आपल्या नव्या सरकारचा पाया असल्याचे सांगितले होते. पराभव होऊन गुलामगिरी कायद्याने संपल्यावर त्याच स्टीफन्स यांनी, हा सारा लढा संघराज्याच्या स्वरूपाबद्दलचा होता, असे ग्रंथ लिहून मांडले. आपल्या नातेवाइकांनी सांगितलेले कारण मुख्यतः अशा युद्धोत्तर लेखनातून रूढ झाले आहे.