कारखान्यात मराठी, कानडी, परप्रांतीय सगळे आहेत. कंपनी त्यांना ‘आपली’ वाटते का, हे ओळखायचं कसं आणि वाढवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की बेळगावजवळच्या तुमच्या कारखान्यात ९० माणसं आहेत, एचआरनं फॉर्म भरून घेतले, जवळजवळ सगळ्यांनी ‘समाधानी’वर खूण केली आणि तरी चार महिन्यांत ११ जण सोडून गेले. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, २२ वर्षं पर्सोनेल बघतोय. हा फॉर्म आम्हीही काढला होता आणि निकाल वाचून पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.

फॉर्मवर नाव नाही, पण खाली विभाग, पाळी आणि वय विचारलंय ना? मग झालं. कोअर शॉपमध्ये (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं) दुसऱ्या पाळीला पन्नाशीचा माणूस एकच असतो, आणि ते त्यालाही माहीत असतं. त्यात आमच्याकडे फॉर्म गोळा केले सुपरवायझरनं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच हातात कागद द्यायचा, मग कोण खरं लिहील? असा फॉर्म काढायचाच असेल तर पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे वेगळे काढू नका आणि कागद पेटीत पडू द्या.

मी आता फॉर्मपेक्षा कान जास्त वापरतो. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत, ही मोठी सोय आहे. कानडीत दोन्हीला ‘नावू’च, म्हणून तिथं ‘नम्म कंपनी’ म्हणतोय की ‘निम्म कंपनी’ ते ऐकायचं. कौतुक करताना सगळेच ‘आपली कंपनी’ म्हणतात, त्याला किंमत नाही. तक्रार करताना काय म्हणतात ते ऐका. खानापूरकडचा आमचा एक जुना मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, ११ वर्षं झालेला, एकदा मला म्हणाला, “सर, तुमच्यात पगार वेळेवर होतोय की, मग आणि काय पाहिजे?” तुमच्यात! ११ वर्षांनी! त्या दिवशी मला फॉर्मपेक्षा जास्त कळलं.

मग मी ओव्हरटाइमचं रजिस्टर काढून बसलो. तीन महिन्यांची नावं गावाप्रमाणे लावली. दुप्पट दराचे तास कुणाला, तर सुपरवायझरच्या गावच्या आणि शेजारच्या गावच्या पोरांना. तो काही दुष्ट माणूस नव्हे. रात्री आठला माणूस कमी पडला की फोनमध्ये ज्याचा नंबर वर, त्याला बोलवायचा, एवढंच. पण ज्याला कधीच फोन येत नाही त्याच्या दृष्टीनं ते ‘एवढंच’ नसतं. आता यादी बोर्डावर लागते, फोन क्रमानं जातो, कुणी नको म्हणाला तर तसं लिहिलं जातं. रजेचं रजिस्टरही असंच बघा : एका दिवसात मंजूर कुणाची होते, आणि ‘बघू’ कुणाला म्हटलं जातं.

एक फसलेला प्रयोगही सांगतो, कारण तुम्हाला तोच मोह पडेल. आमच्याकडे चंदगडकडची पोरं शेडमागच्या आंब्याखाली जेवतात, गोकाक-हुक्केरीकडची स्टोअरच्या कट्ट्यावर, ओडिशाची त्यांच्या खोलीवर जाऊन. मालकांच्या मनात आलं, सगळ्यांनी एकत्र बसावं. चिठ्ठ्या टाकून टेबलं ठरली. चौथ्या दिवशी लोक मशीनशेजारीच डबा उघडायला लागले. जेवणाचा अर्धा तास हा माणसाचा स्वतःचा वेळ, तिथं हात घालू नये. भाकरीबरोबर शेंगाचटणीची देवाणघेवाण पुढं झाली, पण ज्या जोड्या कामावर जमल्या होत्या त्यांच्यातच. म्हणून नवा माणूस आला की पहिले १५ दिवस त्याला एका जुन्याबरोबर लावतो. अट एकच : जुना त्याच्या गावचा नको. दुपारी “ऊटा आतेन्री?” (जेवण झालं का?) विचारणारं एक जरी माणूस असलं तरी पोरगं पहिल्या महिन्यात पळत नाही.

खरी परीक्षा मात्र चुकीच्या वेळी होते. साच्याची मूठभर वाळू दाबून बघितली की ओल जास्त आहे हे मुरलेल्या मोल्डरच्या हाताला कळतं. एका रात्रपाळीला असं कळूनही दोघं गप्प बसले, कारण आधी ज्यानं सांगितलं होतं त्याचेच पैसे कापले गेले होते. कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, गिऱ्हाईकाकडं गेली, मशीनवर घेतल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे वाफेनं पडलेली पोकळ भोकं, निघाली. त्यानंतर नियम केला : ओतायच्या आधी सांगितलं तर कापाकापी नाही. लगेच काय झालं, तर आमच्या नोंदीतलं रिजेक्शन वाढलं. मालक चिडले. त्यांना मी एमी एडमंडसन या हार्वर्डच्या बाईंचं काम सांगितलं. नव्वदच्या दशकात त्यांनी इस्पितळांतल्या टीम तपासल्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता, पण नोंदलेल्या चुका तिथंच जास्त निघाल्या. त्या टीममध्ये लोक चुका लपवत नव्हते. मालकांना कितपत पटलं कोण जाणे, पण नियम राहिला.

आता आपल्या भागातलं ते अवघड प्रकरण. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी. काही जण कन्नडचा लाल-पिवळा झेंडा घेऊन निघतात, काही जण बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत. २ तारखेला सकाळी दोघंही एकाच लॅडलला, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या भांड्याला, हात लावतात. कारखान्यानं यात बाजू घेऊ नये आणि भाषणही देऊ नये. धोक्याच्या सूचना मात्र सगळ्यांच्या भाषांत लावाव्यात. भट्टीजवळ उभं राहून कुणी भाषेचा अभिमान बाळगत नाही, त्याला फक्त ‘पाणी टाकू नका’ हे वाचता यायला हवं. २०२२च्या डिसेंबरात सीमावादावरून दगडफेक झाली, दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या, तेव्हा चंदगडच्या दोन पोरांना गोकाककडच्या एकानं आपल्या भाड्याच्या खोलीत ठेवून घेतलं. आम्हाला ते चौथ्या दिवशी कळलं, तेही हजेरी पूर्ण कशी म्हणून विचारल्यावर.

सगळं जमलंय असं समजू नका. फेटलिंगमधली, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारी, ओडिशाची पोरं कंत्राटदाराची. त्यांचं ओळखपत्र वेगळ्या रंगाचं, चहा दहा मिनिटं उशिरा. रथयात्रेला गावी गेली की निम्मी परत येत नाहीत. यंदा चहाची वेळ एक केली, आणि रजा कुणी कधी घ्यायची तो तक्ता त्यांचा त्यांनाच करायला दिलाय. ओळखपत्राच्या रंगावरून कंत्राटदाराशी वाद चालू आहे. किती जण परत येतात ते ऑगस्टमध्ये कळेल.