नीट की मायक्रोबायोलॉजी?

प्रश्न: मी बारावीला आहे, पीसीबी ग्रुप. दादाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) आहे. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडून हा आजार बरा करतात, असं वाचलं. दुसऱ्याचे जिवाणू आपल्या पोटात टिकतात कसे, हेच सारखं डोक्यात घोळतंय. मला यातच काम करायचंय. बाबा म्हणतात, मग नीटशिवाय रस्ता नाही. खरंच नाही का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: आहे ना. पण 'बरा करतात' हे इतकं पक्कं धरू नकोस. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हापुन्हा होणाऱ्या जुलाबांवर हा उपाय उत्तम चालतो, हे नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी 2013 मध्ये दाखवलं. कोलायटिसचं गणित अजून सुटलेलं नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या चाचणीत (2019) आठ आठवड्यांनी दात्यांचे जिवाणू दिलेल्या 32 टक्के रुग्णांचा आजार शमला, स्वतःचेच परत दिलेल्यांपैकी 9 टक्क्यांचा. म्हणजे फायदा आहे, पण बहुतेकांना तो झाला नाही. का नाही झाला? तुझा प्रश्न नेमका इथेच येऊन भिडतो.

रुग्णांवर उपचार करायचे असतील तर बाबांचं बरोबर आहे. नीट, एमबीबीएस, एमडी मेडिसिन, डीएम गॅस्ट्रोएंटरॉलॉजी (पोट-आतड्यांच्या आजारांतलं विशेष शिक्षण). इंटर्नशिप धरून साडेअकरा वर्षं, मधल्या प्रवेश परीक्षांची तयारी वेगळी. लुधियानाचं दयानंद मेडिकल कॉलेज आणि दिल्लीचं एम्स इथे कोलायटिसवर अशा चाचण्या झाल्या आहेत.

तुझा जीव मात्र मला जिवाणूंत गुंतलेला दिसतोय. मग बीएस्सी मायक्रोबायोलॉजी कर. आतड्यातले बहुतेक जिवाणू हवेतल्या ऑक्सिजननेच मरतात, म्हणून ते ऑक्सिजन काढून टाकलेल्या बंद चेंबरमध्ये वाढवतात. चेंबरलाच जोडलेल्या लांब हातमोज्यांत हात घालून एकेक प्लेट हाताळायची. उरलेलं बरंचसं काम डीएनएच्या माहितीवर, संगणकावर. त्यामुळे संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकाची भाषा पहिल्या वर्षापासून शिकायला घे. साताऱ्याजवळच पुण्यात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन झालं आहे.

बाबांना हेही स्पष्ट सांग की नुसत्या बीएस्सीवर संशोधनातली चांगली नोकरी मिळणं अवघड. एमएस्सी आणि पीएचडी लागेल. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिना 37 हजार रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो.

दादाची औषधं यासाठी थांबवू नका, आणि घरी तर हा प्रयोग अजिबात नको. 2019 मध्ये अमेरिकेत दात्याच्या नमुन्यातून आलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूमुळे एक रुग्ण दगावला होता. दादाच्या पुढच्या तपासणीला तूही जा आणि हा उपचार त्याच्यासाठी योग्य आहे का, ते डॉक्टरांनाच विचार.