वाचकांचे प्रश्न : मॅक्रो लेन्स घेताना

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे. कास पठाराची फुलं आणि घराभोवतीचे कोळी, मुंगळे टिपायचे आहेत. दुकानदार ४० मिमीची मॅक्रो घ्या म्हणतो. तीही १:१ देते आणि १०५ मिमीपेक्षा बरीच स्वस्त आहे. मग जास्त पैसे कशासाठी मोजायचे? (सातारा)

उत्तर : मॅक्रो म्हणजे बारीक वस्तू जवळून मोठी टिपणारी लेन्स. १:१ म्हणजे १० मिमीची वस्तू सेन्सरवरही १० मिमीचीच उमटते. हे दोन्ही लेन्सना जमतं, तेवढ्यापुरतं दुकानदाराचं बरोबर आहे. त्याने सांगायचं राहिलंय ते लेन्सच्या पुढच्या टोकापासून किड्यापर्यंत उरणारं अंतर. ४० मिमीचं किमान फोकस अंतर १६.३ सेंमी दिलेलं असतं, पण ते मोजतात सेन्सरपासून. कॅमेऱ्याच्या माथ्यावर आडवी रेघ मारलेलं बारीक वर्तुळ दिसेल, ती सेन्सरची जागा. त्यातून बॉडीची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की हातात जेमतेम साडेतीन सेंमी उरतात. एवढ्या जवळ गेलं की लेन्सची सावली किड्यावर पडते, फ्लॅशचा उजेड अडतो आणि फोकस लागायच्या आत कोळी पानाखाली पसार. १०५ मिमी व्हीआरचं (हाताचा कंप सावरणारी) किमान अंतर ३१.४ सेंमी आहे. तिथे १:१ला समोर सुमारे १५ सेंमी मोकळे राहतात. ६० मिमीला साधारण ५.

नाणी, दागिने, कुंडीतली फुलं एवढंच करायचं असेल तर ४० किंवा ६० खुशाल घ्या. जिवंत किड्यांसाठी ९० ते १०५ मिमीच्या खाली उतरू नका. १८० मिमीची लेन्स अंतर आणखी देते, पण वजन आणि किंमत पाहता पहिली मॅक्रो म्हणून आम्ही ती सुचवणार नाही. कासला तर आखलेली वाट सोडून फुलांत पाय टाकायचाच नाही, त्यामुळे लांब लेन्स तिथेही सोयीची. सीतेची आसवं या इवल्या फुलांसाठी १:२ (सेन्सरवर निम्मा आकार) पुरतं. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब मात्र १:१ मागतात.

आणखी एक. डी५६००च्या बॉडीत फोकस मोटर नाही. जुन्या एएफ-डी मॅक्रो लेन्स त्यावर बसतात, मीटरिंगही (उजेडाचं माप) होतं, फक्त ऑटोफोकस चालत नाही. १:१ला त्याचं फारसं बिघडत नाही. रिंग एका जागी ठेवायची आणि अख्खा कॅमेरा तीळ-तीळ पुढेमागे करत फोकस पकडायचा, हीच तिथली रीत. सेकंडहँड मिळाली तर जरूर विचार करा.

प्रश्न : ७०-३०० झूमवर ‘मॅक्रो’ छापलेलं आहे. वेगळी लेन्स कशाला? (डोंबिवली)

उत्तर : छापलेल्या शब्दावर जाऊ नका, गुणोत्तर बघा. असल्या काही झूम १:२ देतात, बऱ्याच १:४च्या आसपास थांबतात. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) १:२ म्हणजे सुमारे ४७ मिमी रुंदीची जागा फ्रेमभर. फुलपाखराला भरपूर, मुंगीला काहीच नाही.

प्रश्न : कॅनन ५५-२५० एसटीएम आहे. मॅक्रो लेन्सचं बजेट नाही. एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी की पुढे लावायची भिंग? (मडगाव)

उत्तर : भिंग. ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणारी पोकळ नळी. तिने मिळणारं वाढीव मॅग्निफिकेशन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. १२, २० आणि ३६ मिमीचा पूर्ण संच २५० मिमीवर चढवला तरी ६८ भागिले २५०, म्हणजे पाव पटीच्या थोडं वर. तोच संच ५० मिमीवर १.३६ पट देतो, पण लेन्स किड्याला टेकायचीच बाकी राहते. शिवाय इलेक्ट्रिक संपर्क नसलेल्या स्वस्त ट्यूब घेतल्या तर कॅनन लेन्सचं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलताच येत नाही. ते पूर्ण उघडं राहतं आणि किड्याचा डोळा शार्प आला तर मिशा गायब.

रेनॉक्स डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) भिंग चिमट्याने ५२ ते ६७ मिमी फिल्टर व्यासावर बसतं. तुमच्या लेन्सचा व्यास ५८ आहे. फोकस अनंतावर लॉक करा. २५० मिमीला २ पट, १२५ मिमीच्या आसपास १:१ मिळेल. दोन्हीकडे किडा भिंगापासून साधारण १२ सेंमीवर असतानाच फोकस लागतो, हे अंतर झूमने बदलत नाही. ५५ मिमीकडे नेलंत तर कोपरे काळे पडतील, ते भिंग लहान असल्यामुळे. ऑटोफोकस बंद ठेवा, नाहीतर लेन्स नुसती घरघरत राहील. फुलं आणि मोठे कीटकच करायचे असतील तर ४.८ डायॉप्टरचं डीसीआर-१५० जास्त बरं; त्यात अंतर सुमारे २० सेंमी राहतं.

प्रश्न : १०० मिमी मॅक्रोवर एफ/२२ ठेवूनही फोटो मऊ येतात. लेन्स खराब आहे का? (नाशिक)

उत्तर : लेन्स बहुधा ठणठणीत असेल. १:१ला प्रत्यक्षातलं अ‍ॅपर्चर दुप्पट होतं, म्हणजे तुमचं एफ/२२ खरं एफ/४४ झालं (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, बारकावे तिथेच पुसले जातात. निकॉन स्क्रीनवर हा वाढलेला आकडा दाखवतो, कॅनन नाही. एफ/८ ते एफ/११वर या. एफ/११ला क्रॉप सेन्सरवर जेमतेम १ मिमी खोली शार्प राहते. म्हणून किड्याचं अंग सेन्सरला समांतर धरा किंवा डोळ्यावर फोकस ठेवून बाकीचं सोडून द्या. याउपर खोली हवी तर फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं), पण वाऱ्यावर डुलणाऱ्या फुलावर ते जमत नाही.

उजेडासाठी फ्लॅश लागतोच. मॅन्युअल मोड, १/२०० सेकंद, आयएसओ २००, फ्लॅश १/८ पॉवरपासून सुरू. समोर ट्रेसिंग पेपर लावा आणि तो किड्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा ठिपका भाजल्यासारखा येतो.

प्रश्न : जुनी लेन्स घेताना बुरशी कशी ओळखायची? (रत्नागिरी)

उत्तर : अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका टॉर्च मारा आणि समोरून बघा. धूळ सुटे ठिपके दाखवते, बुरशी कोळिष्टकासारखे फाटे. फाटे दिसले तर सौदा सोडा; काच साफ झाली तरी कोटिंगवर डाग राहू शकतो. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये कोंडू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. निळी जेल गुलाबी झाली की १२० अंशांवर सुकवून पुन्हा वापरता येते, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या भांड्यात नको.