अनुदान मिळतं म्हणून लोक घरावर सोलर बसवतात का?

‘सरकार अनुदान देतं म्हणून लोक सोलर बसवतात, की ज्यांना तसंही परवडतं तेच बसवतात?’ असं तुम्ही विचारलंय. माझ्या घरावर 3 किलोवॅटचं सोलर आहे आणि गल्लीतल्या काही जणांचे अर्जही मी भरून दिलेत. त्यावरून सांगतो: अनुदानाने फरक नक्की पडतो, पण तो कुणाला पडणार हे विजेचं बिल आणि गच्ची ठरवते.

फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये. त्यापुढे कितीही मोठा संच लावा, रक्कम वाढत नाही. म्हणून कोटेशन मागितलं की बहुतेक एजन्सीवाले आधी 3 किलोवॅटचंच देतात, मग घराची गरज दोनची का असेना. ग्राहकाने गरज बघायच्या आधीच अनुदानाने संचाचा आकार ठरवलेला असतो.

आता बिलाचं बघा. आपल्याकडे महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याला 300-400 युनिट जाळणाऱ्या घराचे सोलरमुळे आधी वरच्या टप्प्यातले, म्हणजे सगळ्यात महाग युनिट वाचतात. एक किलोवॅट महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देतो, त्यामुळे अशा घराचा खर्च काही वर्षांत वसूल होतो. पण ज्याचं बिल 100 युनिटांच्या आत आहे त्याला वीज आधीच स्वस्त पडते. त्याची बचत थोडी, आणि हाताशी पैसाही थोडा. खरी गरज तिथे आहे आणि योजना तिथेच सगळ्यात कमी पोचते, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय अनुदान आधी मिळत नाही. संच बसतो, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा) लागतो, तपासणी होते, मग पैसे खात्यात येतात. तोवर एजन्सीला द्यायची रक्कम उभी कुठून करायची? म्हणून मला अनुदानाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते तारणाशिवाय मिळणारं कमी व्याजाचं कर्ज. आमच्याकडे नोकरदारांचे निर्णय हप्ता वाचलेल्या बिलात बसतोय हे दिसल्यावरच झाले.

आणि नेट मीटर! दिवसा घरात कुणी नसताना तयार झालेली वीज ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या जाळ्यात जाते आणि बिलात वजा होते. ही सोय काढली तर 78,000 मिळूनही कितीतरी लोक मागे फिरतील.

भाड्याने राहणाऱ्याला यातलं काहीच लागू पडत नाही. फ्लॅटवाल्यांची गच्ची सगळ्यांच्या मालकीची. तिथे सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 मिळतात. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकट्याने धडपडू नका. सोसायटीचं वर्षभराचं सामायिक बिल काढा आणि ते घेऊन सर्वसाधारण सभेत विषय मांडा.